डबी आणि बाटली

कपडा धुवायला टाकणारा माणूस डागाबद्दल हमखास खोटं बोलतो. शाईचा डाग असला तर 'काय लागलंय कोण जाणे' म्हणतो. लिपस्टिकचा असला तर तेवढंही म्हणत नाही, घडी उलटी करून ठेवतो. ताईंपुढे यातलं काही चालायचं नाही. त्या कपडा उजेडाकडे धरायच्या, डागावरून एक बोट फिरवायच्या, क्वचित हुंगायच्या आणि म्हणायच्या, "कॉफी आहे. दुधाची. आणि घरी मिठाने घासून बघितलंत, ते कशाला?" समोरचा गृहस्थ लगेच खाली बघायला लागायचा.

ताई म्हणजे आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातल्या डाग काढणाऱ्या बाई. मी इस्त्रीवाला. त्यांच्या टेबलापासून चार पावलांवर माझं वाफेच्या इस्त्रीचं टेबल, आणि असे आम्ही सोळा वर्षं एकमेकांचं डोकं खात आलो. पुढे काउंटर, त्यामागे टांगलेल्या कपड्यांची रांग, मग धुलाईचं मोठं यंत्र आणि सगळ्यात मागे आमची लांबट खोली. खोलीला खिडकी एकच. कुणीतरी रंग लावताना तिच्या फटीही रंगवून टाकल्या, तेव्हापासून ती उघडत नाही. खिडकी खालून रेटून बघायची आणि मालकांना दोन शब्द ऐकवायचे, हा आम्हा दोघांचा सकाळचा पहिला उद्योग.

ताई ठेंगण्या. चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. ॲप्रनच्या खिशात चार ब्रश, आणि त्यातल्या एकालाही दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही. स्वभाव म्हणाल तर नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मीही काही गरीब गाय नाही, त्यामुळे दुकानात करमणुकीला तोटा नव्हता. पण त्यांचं काम बघत राहावं असं होतं. कापड डाव्या हाताच्या बोटांवर ताणायचं, खालून बोटांनीच त्याचा पोत जोखत राहायचं आणि वरून ब्रशाच्या टोकाने डाग कडेकडून आत ढकलत आणायचा. बघणाऱ्याला वाटावं, डागाची समजूत काढताहेत. रेशमाचा एक धागा कधी विसकटला नाही त्यांच्या हातून.

आमच्या धंद्यात सगळ्यात मोठा शत्रू तेल. तेलाचा ठिपका राहून गेला आणि त्यावरून गरम इस्त्री फिरली, की तो कपड्यात कायमचा घर करतो. त्यासाठी तेल उतरवायचं एक द्रावण असतं. त्याचं लांबलचक नाव कॅनवर छापलेलं आहे, ते आजवर कुणी वाचलेलं नाही. आम्ही त्याला नुसतं 'बाटली' म्हणतो. कपड्यावर तेल दिसलं, बाटली. टेबलावर दिसलं, बाटली. जेवून आलं की बोटांना बाटली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मीच शिकवतो, तेल दिसलं की पुसायचं. ताईंनाही सोळा वर्षांपूर्वी मीच शिकवलं.

ताईंच्या हातांचं दुखणं सुरू झालं ते बोटांच्या बेचक्यांतून. आधी बारीक पाण्याचे फोड आणि खाज. ताई बोलता बोलता हात टेबलाच्या कडेवर घासायच्या. मग कातडी लाल झाली, सुकली, पापुद्रे सुटायला लागले, आणि हिवाळ्यात बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्या. मूठ वळली की भेग उघडायची. रबरी हातमोजे घालून पाहिले. आत हात घामाने भिजून आणखी चिडायचे, शिवाय मोज्यातून कापड कळत नाही. दोन दिवसांत ताईंनी मोजे कचऱ्यात फेकले. "डोळे बांधून स्वयंपाक करायला सांगताय," म्हणाल्या.

पहिल्या डॉक्टरांनी एक घट्ट, बिनवासाचं क्रीम दिलं. पांढरी डबी, निळं झाकण. दिवसातून सात-आठ वेळा लावा, पाण्यातून हात काढला की लगेच लावा, असं सांगितलं. ताईंनी इमानेइतबारे सुरू केलं, आणि तिसऱ्याच दिवशी तो प्रकार घडला.

लग्नाचा पोशाख होता. मोतिया रंगाचा, रेशमी, लांब झग्याचा. ताईंनी त्याच्या छातीवरचा पेनाचा डाग असा काढला होता की नवरीच्या आईबापांनाही जागा सापडली नसती. मी इस्त्री फिरवली, वाफ सोडली, आणि डाग होता तिथून वीतभर खाली एक पिवळट अंगठा उमटला. क्रीमचा. रेषा मोजाव्यात इतका स्पष्ट.

मी अख्ख्या दुकानासमोर ओरडलो, "लोणी लावून कामाला येता काय?" आणखीही बरंच बोललो. मुलीची आई काउंटरवर उभी होती, मालक उभे होते, धुलाईवाला यंत्र बंद करून ऐकत होता. ताईंनी झगा माझ्या टेबलावरून उचलून नेला. उलट बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तो ठसा त्या संध्याकाळपर्यंत उतरवत बसल्या, पण माझ्या इस्त्रीने तो पक्का करून टाकला होता.

त्या दिवसापासून ताई शहाण्या झाल्या. म्हणजे मला तेव्हा ते शहाणपण वाटलं. क्रीम लावायचं, पाच मिनिटं हात वर धरून थांबायचं, आणि कपड्याला हात लावण्याआधी चिंधीवर बाटली घेऊन एकेक बोट कोरडं ठक्क करायचं. दिवसातून आठ वेळा. औषधही चुकत नाही आणि कपडाही बिघडत नाही. मी मनात म्हटलं, चला, एकदाची अक्कल आली.

हात काही सुधारेनात. दुसरे डॉक्टर झाले, तिसरे झाले. पांढरी डबी जाऊन पिवळी नळी आली, ती जाऊन काचेची बरणी आली. प्रत्येक डॉक्टर विचारायचे, लावता ना नियमित? ताई म्हणायच्या, आठ वेळा. खरंच सांगत होत्या. भेगा मात्र तळहातावर उतरल्या. ताईंचे यजमान मालाच्या गाडीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी ताई आणि बारा-तेरा वर्षांची लेक. सकाळी वेणी घालताना लेकीचे केस ताईंच्या भेगांत अडकायचे, ती 'आई गं' करून मान काढून घ्यायची. भांडी तिने आधीच घासायला घेतली होती; शेवटी वेणीही आपली आपण घालायला लागली. ताई मला म्हणाल्या, "भांडी गेली त्याचं काही नाही हो दादा. पण वेणी?" आणि पाठ फिरवून ब्रश धुवायला लागल्या.

मग एक दिवस पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर रक्ताचा डाग निघाला. ताईंच्याच बोटाचं रक्त. त्यांनी तो गार पाण्याने दोन मिनिटांत घालवला, पण मालकांनी बघितला होता. मालक वाईट माणूस नाही, घाबरट आहे. घाबरट माणूस कधीकधी वाइटाहून जड जातो. त्यांनी मला बाजूला घेतलं. "त्वचेच्या एक मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत. तुम्ही ताईंबरोबर जा. हे हात कधी बरे होणार ते नीट विचारून या. ताई मला काही खरं सांगणार नाहीत."

म्हणजे मी सोबतीला नव्हतो, पहाऱ्यावर होतो. ताईंना ते कळलं होतं. वाटभर माझ्यापुढे दहा पावलं चालल्या.

डॉक्टरीणबाईंनी ताईंचे हात दिव्याखाली उलटसुलट करून पाहिले, आधीचे कागद वाचले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "क्रीम तर सगळी बरोबर दिलीत. किती वेळा लावता?"

"आठ."

"माझ्यासमोर लावून दाखवा."

ताईंनी पर्समधून डबी काढली. बोटावर गोळा घेतला, दोन्ही तळव्यांवर पसरला, बेचक्यांत, नखांच्या कडेने, मनगटापर्यंत. अगदी पुस्तकात दाखवावं तसं. डॉक्टरीणबाई मान डोलावत होत्या. मग ताईंनी हात वर धरले आणि पाच मिनिटं शांत बसून राहिल्या. डॉक्टरीणबाईंना वाटलं, झालं. त्या लिहायला लागल्या. तेवढ्यात ताईंनी पर्समधून चिंधी काढली, छोटी बाटली काढली, आणि एकेक बोट चोळून पुसायला सुरुवात केली.

"अहो, अहो! हे काय करताय?"

"पुसतेय."

"का?"

ताईंना प्रश्नच कळला नाही. "तेल आहे ना ते," त्या म्हणाल्या.

खरं सांगतो, प्रश्न मलाही कळला नाही. डॉक्टरीणबाईंनी ती बाटली नाकाशी नेली आणि झटकन दूर धरली. "प्रत्येक वेळी पुसता? याने? किती दिवस?"

"वर्ष होईल."

डॉक्टरीणबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कातडीला स्वतःचं थोडं तेल असतं, ते आत ओलावा धरून ठेवतं. सारखं पाणी, साबण आणि अशी द्रावणं लागून ताईंच्या हातांवरचं ते संपलं होतं. क्रीम ती उणीव भरून काढतं, पण हातावर राहिलं तर. "तुम्ही दिवसातून आठ वेळा भरत होतात आणि आठ वेळा खरवडून काढत होतात. नुसती बाटलीच लावली असती तरी फार फरक पडला नसता. पण पुसायचं हे तुम्हाला सुचलं कुठून?"

ताई म्हणाल्या, "एकदा एका कपड्यावर ठसा उमटला होता. फार बोलणी खावी लागली."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी बघितलं. "आपण कोण?"

"इस्त्री," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

त्यांनी सांगितलेलं मी मालकांसाठी पाठ केलं. क्रीम लावायचं आणि पुसायचं नाही. साबणाऐवजी हात धुवायचं सौम्य औषध वापरायचं. झोपताना जाड थर लावून वर सुती मोजे. आणि डाग काढायचं टेबल बंद, किमान पाच महिने. "महिना-दीड महिन्यात हात छान दिसायला लागतील," त्या मला बजावून म्हणाल्या. "त्याला भुलू नका. वरून भरलं तरी आतून कच्चंच असतं. तेव्हाच त्या टेबलावर परत गेल्या तर आधीपेक्षा वाईट होईल, आणि मग कदाचित हातात काहीच धरता येणार नाही."

पाच महिने ऐकून मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दोन दिले. दोन महिने ताईंनी काउंटर सांभाळायचं, डागांचे कपडे तोवर बाहेरच्या एका कारागिराकडे जातील. दोन महिन्यांनी हात बघू. बरे असले तर ताई टेबलावर, नाहीतर कारागीर कायमचा. ताई म्हणाल्या, "दोन पुरेत."

काउंटरवरचे ते दोन महिने मी चार पावलांऐवजी पंधरा पावलांवरून पाहिले. ताई क्रीम लावायच्या आणि पुसायच्या नाहीत, आणि त्यामुळे त्यांना कशालाच हात लावता यायचा नाही. टोकनं बोटांतून निसटायची. पावतीपुस्तकाच्या प्रत्येक पानावर पारदर्शक अंगठा. कपडे त्या लाकडी आकड्याने उचलायच्या. डाग समोर यायचा, त्या वाकून बघायच्या, हात नकळत पुढे जायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. एकदा एका बाईंच्या कोटावर गंजाचा डाग होता. ताई किती वेळ त्याच्याकडे बघत उभ्या. "दहा मिनिटांचं काम आहे," मला म्हणाल्या, "आणि मी इथे पावत्या फाडतेय." कारागिराकडून कपडे परत आले की त्या एकेक उजेडाकडे धरायच्या. तो त्यांच्या मते डाग काढत नव्हता, पसरवत होता. पहिल्या आठवड्यात दोनदा त्यांचा हात पर्समधल्या चिंधीकडे गेला. मीच जाऊन चिंधी काढून घेतली. त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

हात मात्र खरंच भरून आले. सहाव्या आठवड्यात भेगा मिटल्या, लाली उतरली. एका सकाळी ताई आल्या त्या हसतच. "वेणी घातली," म्हणाल्या. "एक केस अडकला नाही." इतक्या वर्षांत त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं, आणि मी मनातल्या मनात राहिलेले दोन आठवडे मोजले.

आमच्या दुकानात नवा माणूस घेताना एक चाचणी घेतात. इस्त्रीच्या टेबलाच्या खणात पांढऱ्या, अगदी तलम रेशमाची एक पट्टी ठेवलेली असते. ती माणसाच्या तळहातावरून आणि बोटांवरून ओढायची. कुठे अडकली तर तो हात रेशमाला चालणार नाही. ही चाचणी पहिल्यापासून मीच घेतो. ताईंची मीच घेतली होती, आणि पट्टी पाण्यावरून सरकावी तशी सरकली होती.

दोन महिने पुरे झाले त्या दिवशी मालक सकाळीच आत आले. "काढा दादा ती पट्टी, काय तो निकाल लावून टाकू."

ताईंनी हात पुढे केले. स्वच्छ, मऊ, आणि त्या दिवशी क्रीम न लावलेले. चेहरा शाळेतल्या मुलीसारखा. मी पट्टी डाव्या तळव्यावरून ओढली. सरकली. उजव्यावरून ओढायला घेतली आणि मला डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकू यायला लागला. आतून कच्चंच असतं. मला पुढचं सगळं दिसत होतं. दुपारच्या आत बाटली, आठवड्यात खाज, हिवाळ्यात भेगा. यावेळी ओरडायलाही मी लागणार नव्हतो. 'पट्टी सरकली' म्हणालो तर ताईंचे हात जाणार होते. 'अडकली' म्हणालो तर टेबल. आणि ताई काही स्वतःहून पाच महिन्यांची आठवण करून देणार नव्हत्या. त्यांना टेबल हवं होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तेच हवं असतं.

माझ्या उजव्या अंगठ्याला वाफेने पडलेली एक जुनी भेग आहे, कडा शिंगासारख्या टणक. मी पट्टी त्या भेगेखालून ओढली. खर्रकन आवाज आला आणि पांढऱ्या रेशमातून एक धागा उसवून वर आला.

"अडकली," मी म्हणालो.

मालकांनी सुस्कारा सोडला. "वाटलंच होतं. ताई, तुम्ही आता काउंटरच सांभाळा. तेही काही कमी महत्त्वाचं नाही." ते गेले. ताई पट्टीकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बाहेर गेल्या.

मी केलं ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारागीर टेबलावर बसायला लागला. चांगला माणूस आहे, पण त्याचं काम बघवत नाही. ताई माझ्याशी बोलेनात. चहा आणून ठेवला तर कप तसाच गार व्हायचा. काही सांगायचं असलं तर धुलाईवाल्यामार्फत. हात दिवसेंदिवस सुंदर होत चालले होते. अशा हातांनी ताई पावत्या फाडायच्या, आणि मला ते बघून आनंद व्हायला हवा होता, तो होत नव्हता. शेवटी एके दुपारी मी मनाशी ठरवलं की मालकांना खरं सांगून टाकायचं. तेवढ्यात ताईच आत आल्या. हातात निळ्या झाकणाची डबी.

"हात द्या."

मी इस्त्री उभी करून ठेवली आणि हात पुढे केला. त्यांनी माझा अंगठा धरून उजेडाकडे वळवला, डाग बघतात तसा.

"हीच ना?"

"हीच," मी म्हणालो. "मालकांना सांगणारच होतो."

"काही सांगू नका." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "हात वाचवलेत, ते कळतंय मला. लेकीची वेणी रोज घालते. पण माझं टेबल गेलं, दादा. नुसते हात सांभाळायला मी जगत होते असं समजलात का तुम्ही?"

त्यांनी डबीतून मोठा गोळा काढला आणि माझ्या दोन्ही हातांवर थापला. चांगला रागाने थापला. तळव्यांवर, बेचक्यांत, नखांच्या कडेने, मनगटापर्यंत चोळला, आणि भेगेत तर असा भरला की डोळ्यांत पाणी आलं.

"आता कशाला हात लावायचा नाही. दिवसातून आठ वेळा. आणि पुसायचं नाही."

त्या काउंटरवर जाऊन बसल्या, पण तोंड माझ्याकडे करून. माझ्यासमोर अर्धी इस्त्री झालेला रेशमी झगा लोंबत होता. इस्त्री फुसफुसत होती. पुढून मालक विचारत होते, झगा झाला का, गिऱ्हाईक उभं आहे. बाटली माझ्या हाताच्या अंतरावर होती, चिंधीही तिथेच होती, आणि माझी बोटं आपोआप तिकडे वळली. मी वर बघितलं. ताई बघत होत्या.

मी दोन्ही हात हवेत धरून तसाच बसून राहिलो.